हरवलेले नाणे आणि सोन्याचा कण

संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने हरवलेल्यांच्या तीन कथा सांगितल्या आहेत. हरवलेल्या मेंढराची कथा आपल्या चित्रांत आणि गीतांत रुजली आहे. उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक प्रायश्चित्तकाळात मिस्सामध्ये ऐकायला मिळते. या दोहोंच्या मध्ये अवघ्या तीन ओव्यांत आलेली हरवलेल्या नाण्याची कथा मात्र बहुधा घाईने वाचली जाते. एका स्त्रीजवळ दहा नाणी आहेत. त्यांतील एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधत राहते. या कथेत रान नाही, दूरदेश नाही. एक अंधारे घर आहे, एक दिवा आहे आणि डोळ्यांआड झालेली एक लहानशी वस्तू आहे.

या कथेकडे आम्ही वळत आहोत ते एका निराळ्याच कारणाने. गेल्या काही दशकांत विज्ञानाने असाच एक दिवा पेटवला आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश पाडून त्यांच्या साहाय्याने पदार्थाचा एक, अगदी एकच, रेणू ओळखण्याची विद्या मानवाच्या हाती आली आहे. ती परदेशी प्रयोगशाळांपुरती राहिलेली नाही. आपल्या शेजारच्या पुण्यात, पाषाण भागात, तिच्यावर महत्त्वाचे संशोधन झाले आहे. ही विद्या काय आहे हे प्रथम समजून घेऊ आणि मग एक प्रश्न विचारू: कोट्यवधींतून एकाला शोधून काढता येणे म्हणजे त्या एकाचे मोल जाणणे होय काय? वरवर पाहता हा प्रश्न प्रयोगशाळेचा वाटतो. परंतु तो आपल्या घरांच्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे.

पाण्याच्या एका थेंबात किती रेणू असतात? एकावर एकवीस शून्ये मांडली तरी ती संख्या पुरी होत नाही. म्हणून रसायनशास्त्राने शतकानुशतके जे काही तोलले आणि मापले ते नेहमी गर्दीचे होते. पाणी शंभर अंशांवर उकळते हे विधान कोणत्याही एका रेणूविषयी नाही; एकटा रेणू कधी उकळत नसतो. ते अफाट समुदायाच्या सरासरी वागणुकीविषयीचे विधान आहे. एर्विन श्रोडिंगर या थोर भौतिकशास्त्रज्ञाने १९५२ साली असे मत मांडले होते की, एकट्या अणूवर किंवा इलेक्ट्रॉनवर आपण खरोखरीचा प्रयोग कधीच करीत नसतो. तशी केवळ कल्पना करतो. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच, १९८९ साली, डब्ल्यू. ई. मर्नर आणि लोथार काडोर यांनी अमेरिकेत अतिशीत स्फटिकात बंदिस्त असलेल्या एकट्या रेणूची खूण प्रकाशाच्या साहाय्याने टिपली. मर्नर यांना पुढे २०१४ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रकाशाला साक्षीदार करण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रोम येथील येशूसंघीय धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट पाहून ताऱ्यांचे वर्ग पाडले. जेथे मनुष्याचा हात कधी पोहोचणार नाही तेथील द्रव्याची ओळख त्यांनी केवळ येणाऱ्या प्रकाशाच्या साक्षीने करून घेतली. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाची आणखी एक साक्ष गवसली. पदार्थावर पडलेला बहुतेक प्रकाश ज्या रंगाचा आला त्याच रंगाचा विखुरतो. परंतु कोटीत एखादा प्रकाशकण रेणूशी देवघेव करून किंचित बदललेल्या रंगाने परततो. हा बदल प्रत्येक पदार्थात निराळा असतो. तो जणू त्या रेणूच्या अंगठ्याचा ठसाच होय. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. अडचण एवढीच की ही साक्ष फार क्षीण असते. कोटी प्रकाशकणांमागे एखादाच बोलणार असेल, तर एकट्या रेणूचा आवाज कोणाला ऐकू यावा?

येथे सोने कामास येते. आपण सोने ओळखतो ते मंगळसूत्रातील मण्यांवरून, सराफाच्या काट्यावरून, अडचणीच्या वर्षी गहाण पडलेल्या पाटल्यांवरून. त्याचा रंग पिवळा, त्याला गंज नाही, त्याचे वजन हेच त्याचे मोल. परंतु सोन्याचे अत्यंत बारीक कण केले की त्याचा हा सारा ओळखीचा स्वभाव बदलतो. मायकेल फॅरडे या श्रद्धावान ख्रिस्ती शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याचे असे सूक्ष्म कण पाण्यात तयार केले तेव्हा ते द्रावण पिवळे न दिसता माणकासारखे तांबडे दिसले. त्यांच्या हातच्या कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. या कणांचा व्यास नॅनोमीटरमध्ये मोजतात; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या सोनारांच्या जुन्या मापातील एक गुंज सोने घेऊन त्याचे वीस नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर त्यांची संख्या पंधरावर चौदा शून्ये इतकी भरेल. वाऱ्याच्या झुळकेबरोबर ज्वारीचे सारे शेत एकदम डोलावे, तसे या कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकदम हेलकावतात. त्यामुळे कणाच्या अगदी पृष्ठभागाशी प्रकाश एकवटतो आणि प्रबळ होतो.

असे कण घडवण्यास नेहमी मोठी यंत्रे लागतात असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षारापासून त्रिकोणी आकाराचे सूक्ष्म कण तयार करून दाखवले. जी पाने आपल्या परसात उगवतात आणि पावसाळ्यात चहाच्या आधणात पडतात, त्यांच्या अंगी सोन्याला घडवण्याचा गुण आहे! सृष्टीत किती गोष्टी न बोलता वाट पाहत उभ्या असतात!

दोन कण एकमेकांच्या अगदी जवळ आले, त्यांच्यामध्ये नॅनोमीटरभर फट राहिली, तर त्या फटीत प्रकाशाचे बळ विलक्षण वाढते. त्या जागेत सापडलेल्या रेणूची रामन-साक्ष लाखो, कोट्यवधी पटींनी मोठी होऊन बाहेर येते. खरबरीत चांदीच्या पृष्ठभागावर हा परिणाम प्रथम १९७४ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे आढळला. १९९७ साली दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी चांदीच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने एकट्या रेणूची साक्ष नोंदवल्याचे प्रसिद्ध केले. सोन्याचाही उपयोग याच मार्गाने होत गेला. २०१२ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठात पीटर झायल्स्ट्रा, पेड्रो पाउलो आणि मिशेल ओरिट यांनी सोन्याची एकच सूक्ष्म सळई घेतली. तिच्यावर प्रथिनाचा एक रेणू येऊन चिकटला की सळईच्या रंगात अत्यल्प फरक पडतो. तो फरक त्यांनी प्रकाशाने टिपला. ज्या रेणूला स्वतःचा रंग नाही, ज्याच्यावर कोणतेही चिन्ह लावलेले नाही, अशा रेणूचेही आगमन सोन्याने जाहीर केले.

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजेच आयसरमध्ये, जी. व्ही. पवनकुमार आणि त्यांचे विद्यार्थी याच विषयावर काम करीत आले आहेत. चांदीचा गाभा आणि सोन्याचे कवच असलेले कण एकट्या रेणूला ओळखू शकतात, हे पार्थ प्रतिम पात्रा आणि पवनकुमार यांनी २०१३ साली दाखवले. त्यांनी वापरलेली कसोटी मोठी मार्मिक आहे. आलेली साक्ष एकाचीच आहे, घोळक्याची नाही, हे ठरवायचे कसे? त्यासाठी दोन निरनिराळ्या पदार्थांचे रेणू अत्यंत विरळ प्रमाणात मिसळतात. घोळका बोलत असेल तर दोघांचे आवाज एकत्र ऐकू येतील. कधी केवळ या पदार्थाचा, तर कधी केवळ त्या पदार्थाचा आवाज येत असेल, तर बोलणारा एकटा आहे असे मानण्यास आधार मिळतो. पुढील वर्षी, २०१४ साली, याच गटाने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. द्रवात विखुरलेले धातूचे सूक्ष्म कण धातूच्या पातळ थराजवळ प्रकाशाच्या योगाने एकत्र येतात, त्यांच्या मेळाव्यात एकट्या रेणूची साक्ष मिळते, आणि हे कण पुन्हा द्रवात विखुरता येतात. पूर्वीच्या पद्धतीत रसायन घालून कण कायमचे चिकटवावे लागत. येथे त्यांना प्रकाशच एकत्र आणतो.

विज्ञानाची कथा येथे थांबवून त्या कथेने उभ्या केलेल्या विचाराकडे वळू.

एकेका रेणूकडे पाहता येऊ लागले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, सरासरी ही बहुधा कोणाचीच हकीकत नसते. एडवर्ड यूंग आणि चीफेंग श्वे यांनी १९९५ साली एकाच विकराचे एकेक रेणू वेगळे करून त्यांचे काम मोजले. शिकवणीप्रमाणे ते सारे एकसारखे. प्रत्यक्षात त्यांच्या कामाच्या गतीत चौपटीपर्यंत अंतर आढळले. कोणी झपाट्याने काम करीत होता, कोणी संथपणे. आणि सरासरी तेवढी सर्वांच्या नावावर एकच आकडा मांडत होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, वाचकाला हे समजावून सांगण्यास रेणू नकोत. पाऊस पुरेसा आहे. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास सांगितली जाते. परंतु अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे, सह्याद्रीच्या कड्यावर, पाऊस हजारो मिलिमीटरने मोजावा लागतो. आणि पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडच्या माळावर कित्येक वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. सरासरीचा पाऊस ज्याच्या शेतात पडला असा शेतकरी शोधूनही क्वचितच सापडेल. म्हणून सरासरी खोटी आहे असे नव्हे. धरणाचा आराखडा, लसींची मागणी, शाळांची संख्या हे सरासरीवाचून ठरणार नाही, आणि ज्याला नव्याण्णवांची काळजी नाही त्याची शंभराव्याविषयीची कळकळही संशयास्पदच. परंतु सरासरी योजना करण्यासाठी आहे, उत्तरदायित्व टाळण्यासाठी नाही. ज्याचे पीक जळाले त्याला जिल्ह्याचा आकडा वाचून दाखवणे हा न्याय नव्हे.

हा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. ॲरिस्टॉटलच्या मते शास्त्र हे सामान्याचे असते; या किंवा त्या एका व्यक्तीचे शास्त्र होत नाही. मध्ययुगातील काही तत्त्वज्ञांनी तर देवाविषयीही असेच म्हटले की, तो एकेका वस्तूला जाणतो तो सामान्य नियमांच्या द्वारा. जसा ज्योतिर्विद गणिताने ग्रहण जाणतो तसा. संत थॉमस अक्वायनस यांनी हे मत नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, ज्याने वस्तूला केवळ जात नव्हे, तर तिचे एकटेपणही दिले, तो तिला एकटी म्हणूनच जाणतो. देवाची निर्मितिशक्ती जेथवर पोहोचते तेथवर त्याचे ज्ञान पोहोचते. मनुष्याची बुद्धी मात्र सरळ सामान्यालाच पकडते, आणि एकाकडे इंद्रियांच्या वाटेने वळून येते. त्यांच्यानंतर थोड्याच काळाने जॉन डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन विचारवंताने प्रत्येक वस्तूत एक ‘हेच-पण’ असते असे सांगितले. गुणांची यादी कितीही लांबवली तरी ते यादीत येत नाही. ते असते म्हणून ही वस्तू दुसरी नसून हीच असते.

गुरुविद्यालयाच्या बाकांवर शिकवले जाणारे हे सिद्धान्त अनेकांना शुष्क वाटतात. परंतु प्रयोगशाळेतील सोन्याच्या कणाने त्यांना निकडीचे केले आहे. एकाला एक म्हणून जाणणे ही आजवर देवाची, आणि त्याच्या कृपेने मातेची व मेंढपाळाची रीत होती. आता ती, एका मर्यादित अर्थाने, यंत्राचीही झाली. मग यंत्राचे एकाला जाणणे आणि मेंढपाळाचे एकाला जाणणे यांत फरक कोणता?

कोणी म्हणेल, हा प्रश्न अतिसूक्ष्म आहे. परंतु या विद्येच्या धाकट्या भावंडांनी आपल्या घरांत केव्हाच प्रवेश केला आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची चाचणी-पट्टी पाहा. पट्टीवर जी तांबडी रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांत फॅरडे यांनी पाहिलेल्या त्याच तांबड्या सोन्याची, म्हणजे सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. करोनाच्या साथीत वापरलेल्या अँटिजेन चाचण्यांच्या पुष्कळशा पट्ट्यांतही हेच सोने होते. या पट्ट्या एकेक रेणू मोजत नाहीत. त्यांना असंख्य रेणू लागतात. तरीही केवढा हा अर्थ! अनेक घरांत बाळाच्या येण्याची पहिली वार्ता अंगावरच्या सोन्याने नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांनी आणली आहे.

आणि येथेच वाट दुभंगते. ज्या १९९७ साली एकट्या रेणूची साक्ष मिळाल्याचे प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक शोध जाहीर केला: गरोदर मातेच्या रक्तद्रवात तिच्या बाळाच्या डीएनएचे अंश तरंगत असतात, आणि ते ओळखता येतात. ही पद्धत सोन्याच्या कणांची नव्हती. पण दिशा एकच होती, अपार गर्दीतून अत्यल्पाची साक्ष काढण्याची. त्या पहिल्याच प्रयोगात बाळ मुलगा असल्याची खूण मातेच्या रक्तात वाचली गेली. या मार्गाने पुढे बाळाच्या काही व्यंगांची चाहूल सुईने गर्भाशयाला स्पर्श न करता लागू लागली. हे या विद्येचे उपकारच होत. परंतु त्याच रक्ताच्या नमुन्यात मुलगा की मुलगी हेही लिहिलेले असते. उद्या सोन्याच्या कणांनी ही साक्ष अधिक स्वस्त, अधिक लवकर, अधिक सहज मिळू लागली, तर?

हा ‘तर’ आपल्या जिल्ह्यात केवळ कल्पनेचा नाही. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली, देशात सर्वप्रथम, कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. गर्भाचे लिंग शोधणे आणि सांगणे, मग ते शब्दाने असो वा खुणेने, हा गुन्हा आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८५२. दहा वर्षांपूर्वी त्या ८८४ होत्या. निसर्गाच्या हिशेबाने हा आकडा साडेनऊशेच्या आसपास असावयास हवा. म्हणजे दर हजारामागे शंभराच्या जवळपास मुली नाहीत: काही जन्मूच दिल्या गेल्या नाहीत, काही जन्मल्यावर आबाळीने गेल्या. शुभवर्तमानातील मेंढपाळ शंभरांतील एकासाठी रानोमाळ फिरला. येथे दर हजारामागे शंभर नाहीत. आणि त्यांतील ज्या जन्मण्याआधी गेल्या त्या वाट चुकल्या नाहीत. त्यांना नेमके ओळखले गेले, आणि ओळखूनच वगळले गेले.

हाच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. हे पाप अज्ञानाचे नव्हते. जुन्या काळी मुलगी नकोशी असली तरी गर्भात कोण आहे हे कोणास दिसत नव्हते. त्या अंधारातही एक आसरा होता. दिवा लागला, आणि तो दिवा शोधण्यासाठी न वापरता टाकण्यासाठी वापरला गेला. सरासरीने पाहणारा एकाला विसरतो, हा एक दोष. परंतु एकाला अचूक पाहून त्याला नाकारणे हा त्याहून भयंकर दोष आहे. पहिल्यात एकाला चेहरा मिळत नाही. दुसऱ्यात चेहरा दिसल्यावर पाठ फिरवली जाते.

मग फरक कोठे आहे? संत थॉमस यांनी देवाच्या ज्ञानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. देवाचे ज्ञान वस्तूंच्या अस्तित्वाचे कारण आहे. परंतु ते कारण होते त्याच्या इच्छेशी जोडलेले असल्यामुळे. केवळ जाणणे काही घडवत नाही. देव जाणतो आणि हवेसे वाटून जाणतो, म्हणून आपण आहोत. मनुष्याचे ज्ञान वस्तूंना अस्तित्व देत नाही हे खरे; तथापि त्याच्याही ज्ञानाला कोणती तरी इच्छा नेहमी चिकटलेली असते. ती इच्छा राखण्याची असेल तर सूक्ष्म ज्ञान हे औषध होते. निवडून काढण्याची असेल तर तेच ज्ञान अधिक धारदार शस्त्र होते. यंत्र या दोहोंत भेद करू शकत नाही. सोन्याचा कण साक्ष देतो. न्याय करीत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याच बिंदूवर बोट ठेवते. १९८७ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने प्रसिद्ध केलेल्या ‘दोनुम विते’ या सूचनापत्रात जन्मापूर्वीच्या तपासण्यांविषयी मार्गदर्शन आहे. ख्रिस्तसभा विज्ञानाला घाबरून तपासणीच नको म्हणते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. गर्भाच्या जीवनाचा आणि शरीराचा मान राखून, त्या एका बाळाच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी केलेली तपासणी ग्राह्य आहे. निकाल प्रतिकूल आला तर बाळाला नाहीसे करावे या विचाराने केलेली तपासणी अग्राह्य आहे. यंत्र तेच, नमुना तोच, कागदावरचा निकालही तोच. भेद आहे तो पाहणाऱ्याच्या इच्छेत. म्हणून चाचणीच्या आधी विचारावयाचा प्रश्न ‘काय निघेल?’ एवढाच नाही. ‘जे निघेल त्याला आपण जवळ करणार आहोत काय?’ हा आहे.

हाच प्रश्न आजाराच्या निदानालाही लागू पडतो. क्षयाची किंवा कर्करोगाची चाहूल एखाद्या थेंबातून फार लवकर लागावी, यासाठी अनेक ठिकाणी या सूक्ष्म कणांवर काम चालू आहे. ते यशस्वी होवो. परंतु रोग लवकर समजला आणि उपचार परवडणारा नसला, तर त्या ज्ञानाने रुग्णाला दिले ते काय? केवळ अधिक दिवसांची चिंता. ज्याने एकाला शोधले त्याच्यावर त्या एकाचा भार येतो. मेंढपाळाने मेंढरू सापडल्यावर त्याला वाट दाखवून सोडून दिले नाही, खांद्यावर घेतले.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. रेणू म्हणजे व्यक्ती नव्हे. रेणूला नाव नाही, हाक नाही, मरण नाही. रेणू एकटा दिसू लागला म्हणून मनुष्याची प्रतिष्ठा सिद्ध झाली, असे कोणी म्हणेल तर तो विज्ञान आणि श्रद्धा या दोहोंची गल्लत करील. मनुष्याचे मोल देवाच्या प्रतिरूपात निर्माण होण्यात आहे. ते कोणत्याही यंत्राने दाखवण्यापूर्वी होते आणि यंत्राला न दिसले तरी राहील. आम्ही म्हणतो ते इतकेच: निर्जीव द्रव्याच्या एका रेणूसाठी ज्या युगाने एवढे सायास केले, त्या युगाला एका बालिकेविषयी ‘एकीने काय बिघडते’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

तरी त्या कणांच्या रीतीत मनन करण्यासारखे काही आहे. लगडीच्या रूपात सोने हे काम करू शकत नाही. त्याला आपले वजन आणि आपली पिवळी झळाळी सोडून फुटावे लागते, धुळीहूनही लहान व्हावे लागते. तेव्हाच ते दुसऱ्याची साक्ष देऊ शकते. आणि तेव्हाही त्याचा प्रभाव दूरवर जात नाही. काही नॅनोमीटरांच्या आत जो येतो त्याचीच साक्ष ते मोठी करते. एकाला जाणण्यास जवळ असावे लागते. धर्मग्रामाच्या कुटुंबनोंदीत सर्वांची नावे असतात. परंतु कोणत्या घरी तिसऱ्यांदा दिवस गेलेली सून रात्री झोपत नाही, कोणती सासू तिच्याकडे मौनाने पाहते, हे नोंदवहीला कळत नाही. ते शेजारणीला कळते, महिला मंडळातील एखाद्या मावशीला कळते. त्या वेळी तिच्याजवळ बसून ‘जे बाळ येईल ते आपले’ असे सांगणारी एक स्त्री कायद्याच्या कलमाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उपयोगी पडते.

हरवलेल्या नाण्याच्या कथेचा शेवट अनेकांच्या लक्षात राहत नाही. नाणे सापडल्यावर ती स्त्री ते गुपचूप गाठोड्यात बांधून ठेवत नाही. ती मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते आणि माझ्याबरोबर आनंद करा असे म्हणते. शोधणे यंत्रालाही जमते. आनंद करणे यंत्राला जमत नाही. एकाचे मोल कळले की नाही याची कसोटी, आमच्या मते, येथे आहे. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, आणि मुलगी झाली की कित्येक घरांत आवाज खाली येतो. ज्या दिवशी मुलीच्या जन्माचेही पेढे त्याच हातांनी, त्याच उंबरठ्यांवर, तितक्याच मोकळ्या आवाजात वाटले जातील, त्या दिवशी आपण लावलेला दिवा त्या स्त्रीच्या दिव्याच्या जातीचा आहे असे म्हणता येईल.